आमची वाटचाल : भाडेकरूंसह जुनी इमारत घेताना

आमची फर्म मुळात डागडुजीची. गळकी गच्ची, सडलेले पाइप, फुगलेला गिलावा हे काम करता करता आम्ही जुन्या भाड्याच्या इमारती स्वतःच विकत घ्यायला लागलो. दुरुस्तीचा अंदाज आम्हाला आधीपासून येत होता, भाडेकरूंसह सौदा कसा करायचा ते मात्र या धंद्यात उतरल्यावरच शिकलो.

मालक आधी भाड्याची यादी दाखवतो. त्या यादीवर भाव ठरवत नाही. मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं खातं मागतो आणि प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम यादीशेजारी लिहितो. फरक बहुतेक वेळा निघतोच: एक खोली रिकामी, एका भाडेकरूचं भाडं थकलेलं, एकाने मोरी स्वतः दुरुस्त करून भाड्यातून पैसे कापलेले. निव्वळ उत्पन्नावर 8 टक्के परतावा धरला तर वर्षाच्या प्रत्येक रुपयामागे आपण साडेबारा रुपये किंमत मोजतो. म्हणजे न येणारं भाडं किमतीत साडेबारा पटीने शिरतं. मालकाची समजूत काढायला हा हिशोब भिंतीवरच्या भेगांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मग प्रत्येक भाडेकरूकडून सहीचा कागद: भाडं किती, कुठपर्यंत भरलं, अनामत किती, आगाऊ काही दिलंय का, पोटभाडेकरू आहे का, आणि मालकाने तोंडी काय कबूल केलंय. शेवटचा प्रश्न सर्वांत महागडा. 'पाच वर्षं भाडं वाढवणार नाही' अशी बोली करारात नसते, पण खरेदीनंतर ती आपल्या दारात येते. हा कागद इसार देण्याआधी मिळाला तर उत्तम. नाहीतर इसारपावतीत तशी अट हवी आणि ती पुरी झाली नाही तर इसार परत. भाडेकरूंना कायद्याचं संरक्षण किती आहे हे ठिकाणागणिक बदलतं, म्हणून वकील इसाराआधी गाठायचा, नंतर नाही.

इमारत बघताना भाडेकरूंनाच विचारा. ओल कोणत्या भिंतीला कधी येते हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. नवी रंगसफेदी केलेल्या जागी आम्ही जास्त वेळ थांबतो. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून ठेवली आणि ती तडकली, तर भेग अजून हलते आहे असं समजायचं. स्लॅबचं प्लास्टर सुटून गज दिसत असेल तर गंज फुगून काँक्रीट ढकलतो आहे. वरून लिंपून ते थांबत नाही, गंजलेला भाग उघडा करावाच लागतो. लोक राहत असताना हे काम टप्प्याटप्प्याने होतं, संध्याकाळी पाणी परत सुरू करून द्यावं लागतं, त्यामुळे रिकाम्या इमारतीपेक्षा खर्च जास्त येतो. अंदाजपत्रकात हे वेगळं लिहायचं.

भाव आम्ही दोन सांगतो: भाडेकरूंसह आहे तशी, आणि मोकळा ताबा मिळाला तर. दुसरा आकडा ऐकून मालक घर खाली करून देतो म्हणतो. तिथे सावध. दमदाटी करून किंवा पाणी तोडून खाली केलेल्या खोलीचा दावा नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. भाडेकरू स्वखुशीने, लेखी तडजोड करून जात असेल तरच तो आकडा चालू.

घासाघीस किमतीवर अडली की आम्ही अटींकडे वळतो. वादातल्या खोलीपुरती रक्कम तिसऱ्याकडे राखून ठेवायची, वाद मिटला की मालकाला सोडायची. अनामत परत करण्याचं ओझं आपल्यावर येतं, म्हणून ती किमतीतून सरळ वजा. 'नंतर देतो' याला अर्थ नाही. चालू महिन्याचं भाडं दिवसांच्या हिशोबाने वाटायचं. जुनी थकबाकी कुणाची हे खरेदीखतातच लिहायचं. वारसांच्या वाटण्या असतील तर सगळ्यांच्या सह्या, एकही कमी चालत नाही. आणि थकलेल्या मालकाला कधी कधी दोन टक्के जास्त किमतीपेक्षा ठरलेल्या तारखेला पैसे मिळण्याची खात्री मोलाची वाटते. आधी ते ओळखावं, मग आकडा बोलावा.

खरेदीच्या दिवशीच जुन्या-नव्या मालकांच्या एकत्र सहीचं पत्र प्रत्येक दारात जातं: भाडं आता कुठे भरायचं, अनामत कुणाकडे आहे, तक्रार कुणाला सांगायची. पहिला खर्च गच्ची, पाणी आणि वायरिंगवर. रंग सर्वांत शेवटी.