आमची वाटचाल: लिहून न देणाऱ्यांचं दुकान

"मॅडम, रेट काय आणि किती दिवसांत लिहून मिळेल?" फोनवर पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. परदेशी कॉलेजांच्या अर्जातले निबंध, म्हणजे एसे, आम्ही मुलांकडूनच लिहून घेतो. लिहून मिळणार नाही म्हटलं की पलीकडून "बरं, कळवतो" येतं आणि पुन्हा फोन येत नाही. धंद्याच्या हिशेबाने हा सरळ तोटा. पण आमची ओळख झाली ती या नकारामुळेच, त्यामुळे आता त्याचं फार वाईट वाटत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. इंजिनिअरिंग करून अमेरिकेला एमएसला निघालेल्या पोरांची पुण्यात कधीच वानवा नव्हती. ओळखीतून ती एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं अर्जातलं निवेदन, तपासायला माझ्याकडे यायची. कुणा सीनियरची एकच फाइल पेन ड्राइव्हवरून वर्षानुवर्षं फिरत असे. सगळ्यांना लहानपणापासून कॉम्प्युटरचं वेड, सगळ्यांनी घरातला रेडिओ खोलून पाहिलेला. ही काही आपल्याकडचीच खोड नाही. ब्रिटनमध्ये कॉलेजचे अर्ज घेणाऱ्या यूकास या संस्थेने 2007 मध्ये अर्ज ताडून पाहिले, तर आठव्या वाढदिवसाच्या केमिस्ट्री सेटने पायजम्याला भोकं पाडल्याचा एकच किस्सा 234 जणांनी लिहिला होता!

पुढे नोकरी सोडली. वर्तमानपत्रात उपसंपादक असलेली एक मैत्रीण सोबत आली आणि कोथरूडमध्ये स्टेशनरीच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली. दोन टेबलं, एक सेकंडहँड प्रिंटर. पहिली काही वर्षं एसओपीवरच निघाली. बारावीनंतर थेट परदेशी जाणारी मुलं हळूहळू यायला लागली आणि कामाचा पोतच बदलला.

एमएसच्या अर्जात निदान प्रोजेक्ट असतो, इंटर्नशिप असते. सतरा वर्षांच्या मुलाने काय लिहायचं? अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कॉलेजांचा अर्ज कॉमन ॲपवरून जातो. 1975 साली 15 कॉलेजांनी मिळून सुरू केलेली ही सोय आज हजारावर कॉलेजं वापरतात. त्यात मुख्य एसे 650 शब्दांपर्यंत. शिवाय एकेका कॉलेजचे सप्लिमेंट, म्हणजे जोडीचे प्रश्न, वेगळे: स्टॅनफर्ड होणाऱ्या रूममेटला पत्र लिहायला लावतं, शिकागो विद्यापीठाने तर एका वर्षी "एक्स शोधा" एवढंच विचारलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज निराळा. तिथे आठांपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी 350 शब्द. बोर्ड, जेईई, सीईटी अशा मार्कांच्या हिशेबात वाढलेल्या मुलाला हे सगळं आधी थट्टाच वाटते.

आमची पहिली बैठक दीड-दोन तासांची असते आणि तिला आईबाबा नसतात. यावरून सुरुवातीला बरीच नाराजी ओढवली. "आमच्यासमोर बोलत नाही असं काय आहे त्याच्याकडे?" काही नसतं हो. फक्त आई शेजारी असली की मूल ऑलिंपियाडबद्दल बोलतं आणि नसली की गच्चीवरच्या कबुतरांबद्दल. भाषा जी तोंडात येईल ती. बहुतेक मुलं मराठीतच सुटतात, मग इंग्रजी शाळेतली का असेनात.

सांगली जिल्ह्यातला एक मुलगा आला होता. त्याच्या ड्राफ्टमध्ये अनाथाश्रमाला भेट, वृक्षारोपण, नेतृत्वगुण, सगळं यथासांग. घरी काय करतात विचारलं तर म्हणाला, "बेदाणा." आणि मग तासभर थांबलाच नाही. द्राक्षं डिपिंगच्या द्रावणातून काढून शेडमधल्या जाळ्यांवर कशी पसरतात, चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा कसा होतो. सौद्याच्या दिवशी बॉक्स फोडले की व्यापारी मूठ भरून माल बघतात, टाकतात, आणि खाली सांडलेल्याचा तोटा शेतकऱ्याच्या माथी जातो. हा पोरगा एका सौद्यात त्यांच्या बॉक्सांखालचा सांडलेला बेदाणा गोळा करून वजनकाट्यावर ठेवून आला होता. वजन किती भरलं ते त्याला ग्रॅममध्ये पाठ होतं. मी एवढंच विचारलं, "हे का नाही लिहिलंस?" तो म्हणाला, "हे लिहायचं असतं होय?" एसे त्याने स्वतः लिहिला. पाच-सहा ड्राफ्ट झाले, इंग्रजी शेवटपर्यंत थोडं खरबरीत राहिलं, आणि ते आम्ही तसंच राहू दिलं.

पुण्याच्या मुलांचा खास घोळ म्हणजे ढोल-ताशा पथक. कॉमन ॲपच्या उपक्रमांच्या यादीत दहा जागा, आणि प्रत्येकीच्या वर्णनाला 150 अक्षरं, त्यात स्पेसही मोजलेल्या. तेवढ्यात ओहायोतल्या माणसाला सांगायचं की ढोल कमरेला बांधून तासन्‌तास वाजवायचा असतो, सराव पावसाळ्यातच सुरू होतो आणि शेकडो माणसं एका ठेक्यावर धरून ठेवणं हे खायचं काम नाही. यावर आमच्याकडे अख्खी दुपार गेलेली आहे.

कोविडने आम्हाला खोलीबाहेर काढलं. झूममुळे नाशिक, कोल्हापूर, मस्कत, दुबईची मराठी मुलं आली. 2020 मध्ये अनेक कॉलेजांनी एसएटी या प्रवेश परीक्षेची अट काढली, तसं एसेचं वजन वाढलं आणि लिहून देणाऱ्यांचा बाजारही तेजीत आला. मग 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं. कॅलिफोर्नियाच्या अर्जांची मुदत त्याच दिवशी संपत होती, त्यामुळे निदान ती बॅच तरी मोहातून सुटली. एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं 2023 पासून कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. आम्हाला नियम बदलावे लागले नाहीत. मुलं पहिल्यापासून गूगल डॉकवर लिहितात, आम्ही बाजूला कमेंट टाकतो, वाक्याला हात लावत नाही. रात्री दोन वाजता 600 शब्द एकदम पेस्ट झाले, तर ते हिस्टरीत दिसतंच. ओरडत नाही. पुढच्या बैठकीत त्यातल्याच एका वाक्याबद्दल विचारायला लागलो की दोन मिनिटांत हसू फुटतं.

पैशाबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. "अमुक ठिकाणी फुकट करून देतात" असं पालक सांगतात, आणि ते खोटं नसतं. परदेशी विद्यापीठं अनेक सल्लागारांना प्रवेशामागे कमिशन देतात. तिथे गिऱ्हाईक विद्यापीठ असतं. आम्ही कमिशन घेत नाही, म्हणून फी घेतो. ती मुलामागे एकदाच, कॉलेजं कितीही असोत. हमखास ॲडमिशनची भाषा करत नाही. दोघी मिळून जेवढी मुलं नीट वाचू शकतो तेवढीच घेतो. शाखा काढा, फ्रँचायझी द्या असं सांगणारे भेटत राहतात, पण दुसऱ्याने घेतलेली पहिली बैठक आमच्या काय कामाची?

घरचं वेळापत्रक मात्र पार कोलमडलंय. कॉमन ॲप 1 ऑगस्टला उघडतं, अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर, म्हणजे फराळ कमेंट टाकता टाकताच होतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज तर 15 ऑक्टोबरलाच. त्यात 2026 च्या प्रवेशांपासून यूकासने एकसलग निवेदन मोडून तीन प्रश्न केलेत. एकूण अक्षरं तीच, 4000. मला बदल आवडला: पाल्हाळाला जागा कमी झाली.

बारावीत जाणारी मुलं आम्ही एप्रिल-मेमध्ये घेतो, ऑक्टोबरमध्ये धावत येणाऱ्याला सहसा नाही म्हणतो. पहिली बैठक मोफत. येताना ड्राफ्ट आणू नका, सर्टिफिकेटांची फाइलही नको. पालकांसाठी खाली अमृततुल्य आहे.