घोड्याच्या दमानं वसलेली गावं

कॅनडातल्या सास्काटून शहराकडे जाणाऱ्या रेल्वेच्या रुळाला लागून वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा, ॲलन, ब्रॅडवेल, क्लावेट अशी गावं आहेत. झीनाचं स्पेलिंग एक्सनं सुरू होतं, एवढं सांगितलं की भानगड लक्षात येते: डब्ल्यू, एक्स, वाय, झेड आणि पुन्हा ए, बी, सी. ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीनं १९०७-०८च्या सुमारास इथल्या गवताळ माळावर रूळ टाकले आणि स्टेशनांना हजेरीपटासारखी नावं देऊन टाकली. एक्सपाशी येऊन कोणीतरी बाबू डोकं खाजवत बसला असणार, याची मला खात्री आहे.

नावं बाबूनं दिली, जागा मात्र घोड्यानं ठरवली. गव्हानं भरलेली गाडी सकाळी घेऊन निघालेला शेतकरी दिवेलागणीपर्यंत घरी परतला पाहिजे, या हिशेबानं साधारण दहा-पंधरा किलोमीटरवर एकेक स्टेशन पडलं. शेतकरीही बाहेरून आणलेले. १८७२च्या कायद्यानं दहा डॉलर भरून १६० एकर मिळत. तीन वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन फोडायची. कायद्याला ही जमीन रिकामी दिसली. इथल्या मूळच्या क्री लोकांना ती तशी कधीच दिसली नव्हती.

या गावांचं खरं वैभव म्हणजे धान्याचा एलिव्हेटर, म्हणजे गहू साठवून रेल्वेत भरायचं कोठार. लाकडी, उंच, कपाळावर गावाचं नाव. भिंती कशा, तर फळ्या आडव्या एकावर एक रचून खिळ्यांनी ठोकलेल्या. कारण आतला गहू भिंतींना बाहेर रेटत असतो. गाडी आत काट्यावर चढायची, गहू खालच्या खड्ड्यात ओतायचा, मग पट्ट्याला लावलेले डबे तो थेट माथ्यावर उचलून न्यायचे. तिथून पुढचं काम फुकट: उतारानं कोठीत आणि कोठीतून रेल्वेच्या डब्यात. गव्हाची प्रत ठरवणारा, काडीकचऱ्याची घट कापणारा एजंट त्याच गावात राहायचा. त्याच्या काट्यावर शेतकऱ्याचा पूर्ण विश्वास कधीच नसे. आपल्याकडचे बाजार समितीत गेलेले लोक हे न सांगता समजतील. या अविश्वासातूनच १९२४मध्ये सास्कॅचवन प्रांताच्या शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, व्हीट पूल, आणि स्वतःचे एलिव्हेटर उभे केले.

पुढे ट्रक आले आणि घोड्याचा हिशेब मोडला. १९९५मध्ये धान्यवाहतुकीच्या भाड्यातली जुनी सवलतही गेली. बहुतेक लाकडी एलिव्हेटर पाडले गेले. आता लांब कुठेतरी काँक्रीटची अजस्र कोठारं असतात.

तरी सकाळी कॅफेत शेतकऱ्यांचं टेबल भरतं. त्याला इथे ‘कॉफी रो’ म्हणतात. कित्येक गावांत हा कॅफे चिनी कुटुंबानं सुरू केलेला. त्यांच्याकडून सरकारनं देशात शिरायचेच डोईमागे ५०० डॉलर घेतले होते. टेबलावर पाऊस, गव्हाचा भाव आणि गैरहजर माणसाची शेती, असे तीन विषय. परक्यालाही खुर्ची सरकवतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्याकडे यंदा पाऊस कसा?