ओहायोतील काउंटी फेअरच्या मैदानावर जुन्या नाण्यांचा शोध

एप्रिलमधील एका शनिवारी अमेरिकेतील ओहायो राज्याची राजधानी कोलंबसपासून दीड तासावर असलेल्या एका काउंटी फेअरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या वार्षिक जत्रेच्या, मैदानावर मी सकाळी आठ ते दुपारी तीन मेटल डिटेक्टर घेऊन फिरलो आणि चांदीची तीन नाणी, गव्हाच्या ओंब्या असलेले अकरा जुने सेंट व सुमारे पाच डॉलरची चालू चिल्लर घेऊन परतलो. मैदानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण परवानगी देताना व्यवस्थापकांनी तशी विनंती केली होती. तरीही वार्षिक कृषिप्रदर्शन, गुरांचे गोठे, आकाशपाळणे आणि घोडागाडीच्या शर्यतीची धावपट्टी असा थाट असलेली मैदाने या राज्यात ठिकठिकाणी आहेत, त्यामुळे पुढील अनुभव इतरत्रही उपयोगी पडावा.

सर्वप्रथम परवानगीविषयी. मैदान वर्षभर उघडे दिसते म्हणून ते सार्वजनिक बागेसारखे आहे असा समज होतो, पण ओहायोत त्याचा कारभार बहुधा त्या काउंटीची कृषी संस्था पाहते आणि तिला विचारल्याशिवाय जमिनीत खुरपे घालता येत नाही. मी फेब्रुवारीतच पत्र पाठवले होते. कोणते यंत्र आणणार, खड्डा किती मोठा होतो, तो कसा बुजवतो आणि नाव कोरलेली अंगठी किंवा पदक सापडल्यास कार्यालयात जमा करीन, हे सर्व त्यात स्पष्ट लिहिले होते. उत्तरादाखल आलेले एक पानी संमतिपत्र मी दिवसभर खिशात ठेवले आणि दोनदा दाखवलेही. धावपट्टी व गोठ्यांची जागा वर्ज्य, ही त्यातील अट होती. केंद्र सरकारच्या जमिनीवर मात्र हा प्रयत्नही करू नये: १९७९च्या पुरातत्त्व कायद्यानुसार तेथील शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना संरक्षण आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत तर यंत्र चालवण्यासच बंदी आहे.

जत्रेच्या मैदानावर नाणी का सापडतात, हे वेगळे सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या माणसे तेथे खिशात सुटे पैसे घेऊन आली, तिकिटासाठी रांगेत उभी राहिली, गवतावर बसून जेवली आणि पाळण्यात उलटीसुलटी झाली. शोधणाऱ्याच्या दृष्टीने कळीचे वर्ष १९६४ आहे. तोवरच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) व अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असे. १९६५च्या कायद्याने डाइम व क्वार्टरमधील चांदी पूर्ण गेली आणि अर्ध्या डॉलरमध्ये ती १९७०पर्यंत ४० टक्क्यांवर राहिली. सेंटच्या मागे गव्हाच्या ओंब्या दिसल्या की तो १९०९ ते १९५८ या काळातील समजावा. म्हणजे आपल्याला आज गर्दी होते ती जागा शोधायची नसून साठ वर्षांपूर्वी गर्दी होत असे ती शोधायची असते, आणि नेमके हेच मी सकाळी विसरलो.

झाले असे की, प्रेक्षकांचा लाकडी सज्जा पुरेसा जुनाट दिसल्याने मी थेट त्याच्यासमोर यंत्र सुरू केले आणि दोन तास केवळ कचरा उपसला. १९८२नंतरचे जस्ताचे सेंट मातीत सडून बिस्किटासारखे कुरतडल्यागत निघतात. ते पंधरा-वीस निघाले. त्याहून अधिक निघाल्या शीतपेयांच्या जुन्या डब्यांच्या ओढून काढायच्या कड्या, ज्यांचा यंत्राच्या पडद्यावर उमटणारा आकडा पाच सेंटच्या नाण्याच्या इतका जवळ येतो की खणल्याशिवाय खात्री पटत नाही. वस्तुतः घरी मी १९३०च्या दशकातील हवाई छायाचित्र पाहिले होते. मोबाइलवर ते पुन्हा उघडले तेव्हा आजचा सज्जा त्यात नव्हताच. उलट प्रदर्शनाची इमारत आणि ओक वृक्षांची रांग यांच्यामधील आजच्या ओसाड हिरवळीवर पायवाटा एकवटून पांढुरका गोल उमटलेला होता. मैदानाची देखभाल करणाऱ्या वयस्कर गृहस्थांना विचारले असता, त्यांच्या लहानपणी लाकडी घोड्यांचे मेरी-गो-राउंड तेथे लागत असे, असे ते म्हणाले. अशी छायाचित्रे आणि अग्निविम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या व स्थानिक ग्रंथालयांच्या संग्रहांत पाहता येतात. निघण्यापूर्वी त्यांवर एक संध्याकाळ खर्चावी आणि मग त्यांच्यावर विश्वासही ठेवावा.

त्या हिरवळीवर मी वीस फूट लांब-रुंद चौकोन आखला आणि तो आधी उभा, मग आडवा, असा अतिशय संथ गतीने पिंजून काढला. माझे यंत्र मिनलॅबचे इक्विनॉक्स ८०० आहे; त्यावर जस्ताचा सेंट साधारण २०, तांब्याचा सेंट व डाइम २५च्या आसपास आणि क्वार्टर ३०च्या आसपास दिसतो. जवळून विजेची तार जात असल्याने यंत्र सतत बडबडत होते, म्हणून संवेदनशीलता चार अंशांनी उतरवली. खोली थोडी गेली, पण कानाला शांतता मिळाली आणि अकराच्या सुमारास दोन्ही दिशांनी सारखाच गोड वाजणारा २५चा संकेत लागला. गवताचा गठ्ठा तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर बिजागरीसारखा उलटवला, सुटी माती टॉवेलवर काढली आणि हातात धरायच्या छोट्या धातुशोधकाने चाचपले. सुमारे सहा इंचांवर काळ्या मातीच्या भिंतीतून नखाएवढी पांढरी कड चमकत होती. चांदीला माती फारशी बाधत नाही. पाण्याचे दोन थेंब सोडताच पंखांची टोपी घातलेला चेहरा आणि १९४३ हे वर्ष स्पष्ट वाचता आले. लोक या नाण्याला ‘मर्क्युरी’ म्हणतात, पण तो चेहरा त्या रोमन देवाचा नसून स्वातंत्र्यदेवतेचा आहे. दुसरा डाइम दोन पावलांवर निघाला, तेव्हा मात्र उतावीळपणे खुरपे सरळ खाली घातले आणि देवतेच्या गालावर कायमचा ओरखडा उमटला. संकेताच्या मध्यापासून किमान तीन इंच लांब कापावे, हे मला ठाऊक होते.

ऋतू निवडताना एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर घ्यावा. ओल्या मातीत संकेत चांगला लागतो आणि उलटवलेले गवत पुन्हा मूळ धरते, तर ऑगस्टमध्ये चिकणमाती विटेसारखी घट्ट होते आणि बुजवलेल्या प्रत्येक खड्ड्यावर पिवळा ठिपका उमटून आपली चुगली करतो. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांची खूण करून घेता येते, परंतु त्यात मैदानाच्या मालकीच्या खासगी तारा येत नाहीत. पाळण्यांना व दुकानांना वीज पुरवणाऱ्या तारा नेमक्या त्याच असतात, म्हणून देखभाल करणाऱ्यांकडून त्यांची जागा समजून घ्यावी. सापडलेले नाणे बोटाने घासू नये, मग पितांबरीची तर गोष्टच नको. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवावे आणि माती आपोआप सुटू द्यावी. घासलेल्या नाण्याला संग्राहक बरीच कमी किंमत देतात.

फोटो पाहून पुण्याच्या मावसभावाने, असे यंत्र गडावर नेले तर शिवराई मिळेल का, असे विचारले. मिळेलही, पण संरक्षित स्मारकात खणणे हा गुन्हा आहे आणि इतरत्र जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे त्याला सांगितले. त्यावर त्याने अंगठा पाठवला. पटले की नाही, कळले नाही.

तिसरे नाणे, १९५७चा क्वार्टर, परतताना ओकच्या मुळाशी केवळ दोन इंचांवर मिळाला. निघताना नाण्यांबरोबर कड्या, बाटल्यांची बुचे आणि गंजके खिळे यांची भरलेली पिशवीही मी देखभाल करणाऱ्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी नाण्यांकडे ओझरते पाहिले, पिशवी मात्र हाताने तोलली आणि ऑक्टोबरमध्ये प्रदर्शनाच्या इमारतीमागची बाजू घ्या, असे सुचवले.