तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन बसवायला किती त्रास झाला?

माझी घरी बांधलेली किट कार कुठेही उभी केली की दोन मिनिटांत कोणीतरी येतंच. चारी बाजूंनी फिरून बघतं, वाकून खाली बघतं, सांगाड्याच्या नळ्यांवर बोटानं टकटक करतं आणि मग विचारतं, "एवढं अवजड इंजिन तुम्ही घरी बसवलंत कसं हो? फार त्रास झाला असेल ना?" घाईत असलो की मी "हो, झाला थोडा" म्हणून निघतो, पण ते खरं उत्तर नाही आणि दरवेळी अर्धवट सांगितल्याची चुटपुट लागते, म्हणून आज एकदाच सगळं लिहितो.

इंजिन मी बसवलंच नाही. ते जागचं हललंसुद्धा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. किट कार म्हणजे कंपनीकडून आपल्याला मिळतो तो लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वरचे पॅनेल आणि काही ब्रॅकेट वगैरे, आणि बाकी सगळं म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल (चाकांना ताकद वाटून देणारा भाग), ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, पेट्रोलची टाकी हे एका जुन्या गाडीतून काढून घ्यायचं. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. माझी डोनर होती माझदाची पहिली एमएक्स-५, ही गाडी १९८९ ला आली, माझ्याकडची १.६ लिटर इंजिनवाली. ह्या गाडीची एक गोष्ट मला फार आवडते. पुढच्या सबफ्रेमवर, म्हणजे बॉडीला खालून बोल्टांनी जोडलेल्या लोखंडी चौकटीवर, इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन, मागच्या सबफ्रेमवर डिफरन्शिअल आणि मागचं सस्पेन्शन, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत एक लांब ॲल्युमिनियमची पट्टी जाते जी ह्या दोघांना घट्ट धरून ठेवते. म्हणजे बॉडीला जोडणारे बोल्ट, पाइप आणि वायरी सोडवल्या की बॉडी वर उचलता येते आणि चाकांसकट अख्खी यंत्रणा जमिनीवर तशीच उभी राहते. आम्ही सहा जणांनी मिळून बॉडी उचलली, बाजूला ठेवली, आणि दुपारी त्याच सहा जणांनी नवा सांगाडा आणून वरून अलगद ठेवला. झालं इंजिन बसवून, एका दिवसात! लोकांच्या डोळ्यांसमोर असतं ते साखळीला लटकलेलं इंजिन खाली सोडण्याचं चित्र, काही किटमध्ये तसं करायला लागतं हे खरं, पण माझ्या किटमध्ये नाही.

ही कल्पना नवी नाही बरं का. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्सनं फोक्सवॅगन बीटलची यंत्रणा घेऊन फायबरग्लासची ती प्रसिद्ध बग्गी बनवली, आणि पुढे लाखो लोकांना हाच मार्ग सापडला, कारण बीटलची बॉडीसुद्धा खालच्या तळाला बोल्टांनीच जोडलेली असते, ती काढून घेतली की खाली इंजिन, गिअर, स्टिअरिंगसकट चालती गाडी उरते. त्याच्याही आधी १९५७ मध्ये कॉलिन चॅपमननं ब्रिटनमध्ये लोटस सेव्हन काढली ती सुटे भाग म्हणून विकली, कारण तिथे तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि सुट्या भागांवर तो चुकायचा. १९७३ ला व्हॅट आला तसा तो फायदा संपला, त्याच वर्षी ती गाडी बनवायचे हक्क केटरहॅम ह्या कंपनीकडे गेले, आणि त्या घाटाच्या गाड्या लोक आजही घरी बांधतात. कर गेला तरी हौस गेली नाही, ह्याचा मला मनापासून आनंद होतो.

मग त्रास कुठे झाला? आधी गंजलेल्या बोल्टांत आणि मग वायरींत. त्यातल्या त्यात वायरींत जास्त.

बोल्टांचं आधी सांगतो. ह्या गाडीच्या खालच्या सस्पेन्शन आर्मला जे लांब कॅम बोल्ट असतात, ज्यांनी चाकांचं अलाइनमेंट लावतात, ते वर्षानुवर्षं कोणी हलवलेले नसतात आणि बुशच्या (सांध्यात बसणाऱ्या रबरी भागाच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट फिरतो असं वाटतं, पण फिरतं ते बुशचं रबर, बोल्ट जागच्या जागी. मी गंज सोडवायचं तेल रोज संध्याकाळी मारत होतो, आठवडाभर मारलं, गरम केलं, ठोकलं, आठपैकी पाच निघाले. उरलेले तीन ग्राइंडरनं कापले आणि त्या आर्मना नवे बुश, नवे बोल्ट घातले. ह्या तीन बोल्टांना जेवढे दिवस लागले तेवढ्यात सांगाडा तीनदा बसवून काढता आला असता. पण मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण ते बुश तसेच ठेवले असते तर अलाइनमेंट कधीच लागलं नसतं आणि हलक्या गाडीत ते लगेच हाताला जाणवतं.

सुटं करताना एक शिस्त पाळलीत तर पुढचे महिने वाचतात. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं जागा लिहायची, आणि काढायच्या आधी फोटो. आणि फोटो लांबून काढून उपयोग नाही, पाइप कुठल्या क्लिपमधून जातो ते दिसलं पाहिजे. मी पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात बारा नंबरच्या पान्याचे सगळे बोल्ट एकाच डब्यात टाकले, डोकं सगळ्यांचं सारखं पण लांबी वेगळी, आणि नंतर गिअरबॉक्सच्या खालचा कुठला आणि रेडिएटरचा कुठला हे लावत बसलो. लांब बोल्ट चुकीच्या भोकात घातला तर तो आत टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला, पण पकडलेलं काहीच नसतं. हे धोक्याचं आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता वायरिंग. डोनरचं वायरिंग म्हणजे मनगटाएवढा जाड जुडगा, त्यात हीटरचा पंखा, आतला दिवा, वायपर, डिकीचा दिवा, रेडिओ, असलं बरंच काही जे नव्या गाडीत नाहीच. काही जण सगळं तसंच ठेवून गुंडाळून टाकतात, काही जण नवं वायरिंग विकत आणतात. मी जुनं उलगडून नको त्या वायरी काढायचं ठरवलं, मला ती प्रत्येक वायर कशासाठी आहे हे कळून घ्यायचं होतं. जमिनीवर चादर पसरून अख्खं वायरिंग त्यावर मांडलं, गाडीत जसं असतं तसंच, पुढचे दिवे पुढे, मागचे मागे, आणि सर्किटचा नकाशा शेजारी ठेवून एकेक वायर शेवटपर्यंत माग काढत गेलो. महिना गेला. कापायच्या आधी प्रत्येक वायरला चिठ्ठी.

आणि तरीही चूक झालीच. सगळं जोडलं, बॅटरी लावली, किल्ली फिरवली, इंजिन लगेच सुरू झालं! मी ओरडलोच आनंदानं. किल्ली सोडली आणि बंद. परत फिरवली, सुरू. सोडली, बंद. पेट्रोल होतं, स्पार्क होता, पंपाचा आवाज स्टार्टर फिरताना येत होता, मग हे काय. दोन दिवस मी इंजिनचा कॉम्प्युटर खराब झाला असं धरून बसलो होतो. मग रात्री नकाशा परत उघडला तेव्हा उलगडलं. १.६ च्या ह्या इंजिनात हवा मोजायचं जे मीटर असतं त्याच्या आत एक झडप असते, इंजिन हवा ओढायला लागलं की ती झडप उघडते आणि आतला एक स्विच पेट्रोल पंपाच्या रिलेला, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या भागाला, सांगतो की इंजिन चालू आहे, पंप चालू ठेव. स्टार्टर फिरत असेपर्यंत रिलेला स्टार्टरकडून करंट मिळतो, किल्ली सोडली की हा स्विचच त्याला धरून ठेवतो. केवढा शहाणपणा आहे त्यात बघा, अपघातात इंजिन बंद पडलं तर हवा थांबते, झडप मिटते आणि पंप आपोआप बंद, पेट्रोल बाहेर पडत राहत नाही. मी नको म्हणून कापलेल्या वायरींत नेमकी त्या स्विचची वायर होती. खात्री करायला इंजिनच्या खोलीतल्या तपासणीच्या डबीत पंपाची पिन अर्थला, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या वाटेला, जोडून बघितली, इंजिन चालू राहिलं. मग वायर परत जोडली, सोल्डर केली आणि ती जोडलेली पिन आठवणीनं काढली, कारण ती तशीच ठेवली तर ती सुरक्षितताच निघून जाते.

अर्थिंगचं पण सांगतो कारण ह्यात फार जण अडकतात. मूळ गाडीची लोखंडी बॉडी हीच अर्थ असते, दिव्याची एक वायर बॉडीला टेकवली की काम होतं. नव्या गाडीत पॅनेल फायबरचे, त्यातून करंट जात नाही, आणि सांगाड्यावर जाड पावडर कोटिंग, त्यातूनही जात नाही. माझा डावा इंडिकेटर लावला की मागचा ब्रेकचा दिवा मंद पेटायचा, म्हणजे करंट घरी जायला दुसरी वाट शोधत होता. सांगाड्यावर चार ठिकाणी कोटिंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, तिथे अर्थ घट्ट बांधले, वरून ग्रीस लावलं, आणि बॅटरीपासून इंजिनला वेगळी जाड वायर. सगळे दिवे शहाण्यासारखे वागायला लागले.

ब्रेकमध्ये मी जुनं काही ठेवलं नाही. डिस्क, पॅड, होज, लोखंडी पाइप सगळं नवं, पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर उघडून सील बदलले. मागच्या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, मागचा छोटा बोल्ट काढून आत षटकोनी चावी घालून फिरवायला लागतो, हे माहीत नसेल तर माणूस क्लॅम्पनं दाबत बसतो आणि आतली यंत्रणा मोडते. ब्रेकच्या बाबतीत "चालेल" हा शब्द वापरायचा नाही एवढं मी ठरवलेलं आणि ते पाळलं.

स्प्रिंगांचं आधी लक्षात आलं नव्हतं. डोनर साधारण ९५० किलोची, माझी तयार गाडी काट्यावर भरली ६९५ किलो. इंजिन तेच, सुमारे ११५ हॉर्सपॉवरचं, त्यामुळे पळते छान, पण मूळ स्प्रिंगांवर गाडी इतकी उंच उभी राहिली की चाकं आणि बॉडी वेगळ्या गाड्यांची वाटत होती, आणि प्रत्येक खड्ड्यात टणाटण उडायची. उंची कमीजास्त करता येणारे शॉक आणि मऊ स्प्रिंग घातल्यावर ती जमिनीला धरून चालायला लागली.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. डोनर घेताना लोक बंद पडलेली, ठोकलेली, पाण्यात गेलेली गाडी बघतात, नाहीतरी फोडायचीच आहे म्हणून. मी म्हणतो चालू गाडी घ्या आणि फोडायच्या आधी निदान दोन-तीन आठवडे चालवा. मी माझी तीन आठवडे रोज चालवली. थंड असताना टिकटिक करते आणि तापल्यावर थांबते, दुसरा गिअर सकाळी जरा अडतो, उजवीकडे वळताना मागून गुणगुण येते म्हणजे डावीकडच्या मागच्या चाकाचा बेअरिंग, तापमानाचा काटा कुठे थांबतो, हे सगळं वहीत लिहून ठेवलं. ह्या वहीमुळे नवी गाडी सुरू झाल्यावर कुठला आवाज जुना आणि कुठला मी निर्माण केला हे मला कळत होतं. किल्ली सोडली की बंद पडते हे डोनरला कधीच झालं नव्हतं, म्हणजे चूक माझ्या हातून झालीय, कॉम्प्युटरची नाही, हे मी दुसऱ्याच दिवशी समजायला हवं होतं, वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं. बॉडी चेपलेली चालेल, सीट फाटलेली चालेल, पण इंजिनाचा आवाज तुम्ही स्वतः ऐकलेला पाहिजे.

आणि कागद. डोनरचे कागद, चेसिस नंबरची पट्टी, किटची पावती, सगळं जपा, आणि पहिला बोल्ट काढायच्या आधी तुमच्या इथले नियम वाचा, कारण काही ठिकाणी अशी गाडी रस्त्यावर आणायला परवानगीच मिळत नाही. ब्रिटनमध्ये अशा एकेकट्या गाडीची आयव्हीए नावाची सरकारी तपासणी असते, त्यात बाहेरच्या कडांची गोलाईसुद्धा मोजतात, निदान २.५ मिलिमीटर लागते, आणि गाडीच्या भागांचा वंश सिद्ध करता आला नाही तर क्यू अक्षराचा नंबर मिळतो.

पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा फार लांब गेलो नाही. निघायच्या आधी प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळायच्या पान्यानं) घट्ट करून त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ मारलेली होती, बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ मोडते आणि लांबूनच दिसतं. पन्नास किलोमीटर झाल्यावर रस्त्याच्या कडेला थांबवली, चटई टाकून खाली शिरलो आणि टॉर्चनं एकेक रेघ बघत गेलो. सबफ्रेमच्या सगळ्या सरळ. स्टिअरिंगच्या सरळ. डावीकडच्या मागच्या आर्मचा नवा कॅम बोल्ट, त्याची रेघ केसभर सरकलेली. घट्ट केला, जुनी रेघ पुसून नवी मारली, हात पुसले आणि गाडी परत घरी आणली, दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट पुन्हा लावायला.