बेंगळुरूला निघालाय? मग थोडं कन्नड घेऊन जा

जून-जुलै आला की आमच्या गल्लीतनं कोण ना कोण बेंगळुरूला जॉईन व्हायला निघतंच, आणि मी तिकडं काही वर्षं नोकरी करून परत कोल्हापुरात आलेय म्हटल्यावर पोरंपोरी घरी येतात, पीजी कुठल्या एरियात बघू, ट्रॅफिक खरंच एवढं असतंय का, सगळं विचारतात पण भाषेचं कोण विचारत नाही. हिंदी चालते की तिकडं, म्हणून विषय संपवतात. ऑफिसात चालते, बरोबर आहे. पण रिक्षावाले, वॉचमन, भाजीवाल्या अक्का, बीएमटीसीचे, म्हणजे तिथल्या सिटी बसचे, कंडक्टर ही माणसं रोज भेटणार, आणि त्यांच्याशी पहिला शब्द कन्नडमधनं निघाला की बोलण्याचा सूरच बदलतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

आणि आपल्याला ही भाषा अवघड नाही ओ. ळ आणि ण आपल्या जिभेवर आधीच आहेत, उत्तरेकडच्या पोरांना ळ म्हणताना घाम फुटतो. तुपाला तुप्प, चिल्लरला चिल्लरे, जास्तीला जास्ति, अण्णा आणि अक्का तर जसेच्या तसे.

सुरुवात बेकु आणि बेडा पासनं करा. बेकु म्हणजे पाहिजे, बेडा म्हणजे नको. नीरु बेकु, पाणी पाहिजे. कवर बेडा, पिशवी नको. साकु म्हणजे बास, मेसमध्ये वाढणारा थांबत नसला की हाच शब्द. एष्टु म्हणजे किती, बिल विचारताना एष्टायतु. रिक्षात नेरा होगि म्हणजे सरळ चला, एडक्के डावीकडं, बलक्के उजवीकडं, इल्ले निल्लिसि म्हणजे इथंच थांबवा. आणि आपल्यासाठी खास, स्वल्प खारा जास्ति हाकि, म्हणजे थोडं तिखट जास्त घाला, कारण तिकडचं सांबार आपल्याला गोडच लागतं.

आकडे मात्र नीट पाठ करा. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु हे लगेच येतात, घोळ पुढं होतो. इप्पत्तु म्हणजे 20 आणि एप्पत्तु म्हणजे 70, ऐकायला जवळजवळ सारखं, आणि भाजी घेताना 50 रुपयांचा फरक पडतो. ऐवत्तु 50, नूरु 100, ऐनूरु 500.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण कोल्हापुरात कुणालाही काय भावा, ये की, म्हणतो, त्यात माया असते. तिथं अनोळखी माणसाला एकेरी हाक मारली तर ते खटकतं. बा म्हणजे ये, बन्नि म्हणजे या. कोडु म्हणजे दे, कोडि म्हणजे द्या. हेळु म्हणजे सांग, हेळि म्हणजे सांगा. शेवटी तो इ आला पाहिजे, एवढं एकच व्याकरण शिकलात तरी पुष्कळ झालं. पुढं हुबळी-धारवाडला पोस्टिंग मिळालं तर तिथं प्रत्येक शब्दाला री लागते, बर्री म्हणजे या, हौद्री म्हणजे होय, आणि ते कानाला लई गोड लागतं.

कन्नड गोत्तिल्ला, म्हणजे कन्नड येत नाही, हे वाक्य सगळ्यांना आधी पाठ होतं आणि मला तेच आवडत नाही, कारण त्याच्यापुढं बोलणंच थांबतं. त्याऐवजी कन्नड कलीता इद्दीनि म्हणा, कन्नड शिकतोय. आणि निधानवागि हेळि, सावकाश सांगा. मग समोरचा माणूस स्वतःच शिकवायला लागतो.

काही जणांच्या घरातनं विरोध होतो, बेळगावचं सगळं माहीत असताना कन्नड कशाला शिकायचं म्हणून. मी ते समजू शकते, आमच्याही घरात सीमाभागातले पाहुणे आहेत. पण 1956 ला बेळगाव तिकडं गेलं त्याचा दावा 2004 पासनं सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं लढला जातोय, मेजेस्टिकला, म्हणजे बेंगळुरूच्या मुख्य बसस्टँडला, उतरल्यावर आपल्याला पत्ता सांगणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? आणि आपल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात जुने कन्नड शिलालेख आहेत, ही भाषा आपल्या मातीत काय काल आलेली नाही.

जायच्या आधी सराव करायचा असेल तर बेंगळुरूपर्यंत थांबायची गरज नाही. शुक्रवारी अंबाबाईच्या देवळाबाहेर उभं राहा, कर्नाटकातनं आलेली कुटुंबं दिसतीलच. कुणी चप्पल स्टँड शोधत असलं, रंकाळ्याचा रस्ता विचारत असलं तर हिंदीत उत्तर देऊ नका, अल्लि इदे, तिथं आहे, एवढं तरी म्हणा. त्यातल्या एखाद्या आजी ऊट आयता विचारतील, म्हणजे जेवण झालं का, तर आयतु, निम्दु? म्हणायचं, झालं, तुमचं?