कनेक्टरच्या खरेदीची एक फेरी: सोबत काय न्यावं, कुठे थांबून मोजावं

घरच्या हवामानयंत्राला सहा सेन्सर जोडायचे होते. प्रत्येक सेन्सर काढता-घालता यावा, वायर थेट सोल्डर केलेली नसावी, एवढीच अट. त्यासाठी गेल्या शनिवारी अख्खा दिवस इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घालवला. कनेक्टर, क्रिम्पिंग टूल (वायरच्या टोकावर धातूचं टर्मिनल दाबून बसवायचं हत्यार), सोल्डरिंग आयर्नच्या टिप आणि एक चांगलं कटर अशी यादी होती. दुकानं उघडता उघडताच पोचलो, आणि तुम्हीही तसंच करा. त्या वेळी गर्दी नसते, माल काउंटरवर मांडून मोजायला कोणी हरकत घेत नाही. दुपारनंतर तेच दुकानदार पाकिटाला हातसुद्धा लावू देत नाहीत.

याआधीच्या फेरीत मी नुसतं ‘दोन पिनचं जेएसटी द्या’ म्हणालो होतो. मिळालं ते घरी येऊन बसेना. जेएसटी हे कंपनीचं नाव आहे आणि तिच्या मालिका डझनावारी आहेत. छंदाच्या कामात आपल्याला लागतात त्या मुख्यतः या: एसएच म्हणजे पिनांमधलं अंतर, अर्थात पिच, 1.0 मिमी, पीएच 2.0; एक्सएच 2.5; आणि मोठ्या करंटसाठी व्हीएच 3.96. करंटची क्षमताही त्याच क्रमाने चढते: एसएच 1 अँपिअर, पीएच 2, एक्सएच 3. ‘मायक्रो जेएसटी’ म्हणून 1.25 मिमीचं जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा मोलेक्स या दुसऱ्या कंपनीच्या पिकोब्लेड घाटाचं असतं. म्हणून दुकानात नाव सांगू नका, पिच सांगा. त्याहून चांगलं म्हणजे नमुनाच पुढे ठेवा.

या खेपेला एका लहान डबीत प्रत्येक कनेक्टरचा एकेक तुकडा नेला होता. सोबत डिजिटल कॅलिपर, मल्टिमीटर, भिंग आणि एक लोहचुंबक.

कॅलिपरने पहिल्याच दुकानात काम केलं. डब्यावर 2.54 लिहिलेलं, आत एक्सएच. दोन लगतच्या पिना मोजल्या तर 2.50 आणि 2.54 मधला फरक हाती लागणं कठीण. म्हणून पहिल्या पिनेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं आणि मधल्या फटींच्या संख्येने भागायचं. पाच पिनांच्या कनेक्टरला चार फटी, म्हणजे एक्सएचला बरोबर 10.0 मिमी, साध्या हेडरला (सर्किट बोर्डावरची 2.54 पिचची पिनपट्टी) 10.16, पीएचला 8.0. दोन-तीन पिनांपर्यंत एक्सएच हेडरच्या भोकांत बसून जातं. दहा पिनांना मात्र फरक साठत साठत 0.36 मिमी होतो आणि शेवटची पिन बोर्डात जायला तयार होत नाही. स्क्रू टर्मिनलमध्येही (वायर स्क्रूने आवळायचे कनेक्टर) हाच घोळ आहे, पिच 5.00 आणि 5.08. एकेकटं घेतलं तर चालून जातं, आठ जोडून लावली की चालत नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नका: हौझिंग म्हणजे प्लास्टिकचं कवच, आतली टर्मिनलं आणि बोर्डावरची पिनपट्टी हे तिन्ही बऱ्याचदा वेगवेगळं विकतात. तिन्ही एकाच दुकानातून घ्या आणि पैसे देण्याआधी तिथेच एक जोडी जुळवून पाहा. खटका बसला पाहिजे. टर्मिनलं तर हिशोबाच्या दुप्पट घ्या, पहिली वीसेक हात बसेपर्यंत वाया जातात.

आता क्रिम्पिंग टूल. दिवसाचा सर्वांत जास्त वेळ आणि खर्चाचा मोठा वाटा मी इथे घातला, आणि तुम्हालाही तेच सांगेन. स्वस्त कनेक्टर आणि नीट क्रिम्प ही जोडी वर्षानुवर्षं चालते. महाग कनेक्टर पकडीने दाबला तर महिन्याभरात सिग्नल येतो-जातो करायला लागतो, आणि दोष आपण कोडमध्ये शोधत बसतो. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्याला धरते, मागची वायरच्या आवरणाला. पुढचे पंख आत वळून इंग्रजी बी अक्षरासारखे बसले पाहिजेत. पकडीने ते नुसते चेपतात. रॅचेटवालं, म्हणजे दाब पूर्ण झाल्याशिवाय न सुटणारं, एसएन-28बी हे टूल दोन्ही जोड्या एका दाबात बसवतं, 2.54 च्या ड्युपाँट, म्हणजे साध्या हेडरवर बसणाऱ्या, टर्मिनलला ते चांगलं आहे, एक्सएचलाही जमतं. पीएच आणि त्याहून लहानांना त्याचे साचे मोठे पडतात. तिथे एसएन-01बीएम, किंवा इंजिनिअर कंपनीचं पीए-09. पीए-09 ला रॅचेट नाही, आधी तांबं आणि मग आवरण असं दोनदा दाबावं लागतं, पण हाताला अंदाज फार छान येतो.

मी दुकानात परवानगी मागून माझ्याच वायरवर दोन क्रिम्प करून पाहिले, भिंगाखाली तपासले आणि ओढून पाहिले. दोन जोड्यांच्या मधल्या जागेत तांबं आणि आवरण दोन्ही दिसलं तर वायर योग्य खोलीवर बसली. आणि कृपा करून क्रिम्पआधी वायरच्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि पकड ढिली होते.

लोहचुंबक वायरसाठी होता. जंपर वायरच्या (जोडणीसाठी तयार मिळणाऱ्या तारांच्या) एका स्वस्त गठ्ठ्याला तो सरळ चिकटला. आत तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर चुंबक गप्प राहतो, म्हणून एक तार ब्लेडने खरवडून पाहावी: आत पांढरी निघाली तर पाकीट परत. मात्र कथिलाचा मुलामा दिलेलं अस्सल तांबं वरून पांढरं आणि आत लाल असतं, ते जरूर घ्या.

डीसी जॅक (अडॅप्टरचा गोल प्लग आणि त्याचं सॉकेट) घेताना मधली पिन मोजा. बाहेरून दोन्ही 5.5 मिमी दिसतात; आतली पिन एकाची 2.1, दुसऱ्याची 2.5. 2.1 चा प्लग 2.5 च्या सॉकेटात जातच नाही, हे निदान लगेच कळतं. उलट जोडी आत जाते, पण हलली की सप्लाय तुटतो. यूएसबी-सीचे छोटे बोर्ड घेताना दोन 5.1 किलोओहमचे रेझिस्टर आहेत ना ते बघा. ते नसतील तर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर बोर्डाला वीजच मिळत नाही.

हत्यारांचं थोडक्यात. कटरचे जबडे मिटून उजेडासमोर धरायचे. फट दिसली तर दुसरं मागायचं. चिमट्याची टोकं हलक्या दाबात अचूक भेटली पाहिजेत आणि जोर दिल्यावर एकमेकांवरून सरकता कामा नयेत. टिप घ्यायला जाताना जुनी टिप न्या: 900एम ही हीटरवर चढवायची पोकळ टोपी आहे, टी12 मध्ये हीटर आणि सेन्सर टिपेतच असतात, एकाची दुसऱ्याला चालत नाही. सोल्डर 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) घेतलं. ते 183 अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, त्यामुळे सांधा गोठताना हलण्याची भीती कमी. त्यात शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

शेवटचा तास जुन्या मालाच्या गल्लीत गेला. मला ही गल्ली मनापासून आवडते. मोडीत काढलेल्या यंत्रांतल्या चपट्या रिबन केबल, त्यांवर दाबून बसणारे आयडीसी कनेक्टर, जाड कॉपर वायर हा माल नव्या स्वस्त मालापेक्षा कितीतरी सरस असतो. मल्टिमीटर मात्र तिथून घेतला नाही. दिसायला ठीक होता, पण मागचं झाकण उघडल्यावर फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा निघाला. जुना मीटर घ्यायचा असेल तर झाकण उघडल्याशिवाय घेऊ नका.

पीएच कनेक्टर लावलेली एक लिथियम बॅटरीही आणली. या दोन पिनांत प्लस कुठे, याचा सर्वमान्य नियम नाही, म्हणून बोर्डाला लावण्याआधी मीटर लावला. आमच्या बोर्डाच्या नेमकी उलट निघाली. सुईच्या टोकाने हौझिंगची जीभ उचलून एक टर्मिनल बाहेर काढलं, त्यावर लगेच टेप गुंडाळली आणि मग दुसऱ्याला हात लावला. दोन्ही उघडी टोकं एकाच वेळी मोकळी ठेवायची नाहीत. अदलाबदल करून पुन्हा मोजलं आणि मगच बॅटरी बोर्डात घातली.