बापूकुटीच्या शेजारचं मेडिकल कॉलेज

सेवाग्राम एक्सप्रेसनं पहाटे वर्ध्याला उतरवलं. जानेवारीतली वैदर्भी थंडी, स्वेटरलाही न जुमानणारी. रिक्षावाल्याला म्हटलं, "कस्तुरबा हॉस्पिटल." त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "पेशंट कोन हाय?" कुणीच नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैलावला. "मंग आश्रम पाहाले आल्या असान."

खरं तर मी भाचीला भेटायला आले होते. ती इथे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, सेवाग्राम. खादीच्या कुर्त्यावर पांढरा अॅप्रन घालून ती फाटकाशी उभी होती. "मावशी, आधी आश्रम बघ, मग कॉलेज. आम्हालाही ह्याच क्रमानं दाखवतात."

त्यामागचा अर्थ मला आश्रमात गेल्यावर कळला. इथे प्रवेश मिळालेली मुलं पहिल्याच दिवशी शरीररचनेच्या टेबलापाशी जात नाहीत. आधी 15 दिवस त्यांना आश्रमात राहायचं असतं. पहाटेची प्रार्थना, झाडलोट, सूतकताई, पंगतीत बसून साधं जेवण आणि मग आपलं ताट आपणच घासणं. हातात स्टेथोस्कोप येण्याआधी खराटा येतो.

1936 साली गांधीजी इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. त्यांची पत्रं शेगावला जाऊ लागली म्हणून 1940 मध्ये ते सेवाग्राम झालं. बापूकुटी मातीची, बांबूची, कौलांची. मी आत किती वेळ बसले ते आठवत नाही. बापूंच्या दफ्तरात, म्हणजे कचेरीच्या खोलीत, सापांसाठी केलेला एक पिंजरा ठेवलेला आहे. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडून द्यायचा, हा आश्रमाचा नियम. भाची म्हणाली, पावसाळ्यात वॉर्डात सर्पदंशाचे रुग्ण येतात, फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाच्या विषबाधेचे. कापसाच्या मुलखातलं हे हॉस्पिटल आहे. पुस्तकात दोन पानांत उरकलेला विषय इथे खाटेवर समोर असतो.

त्याहून जास्त वेळ मी परचुरेशास्त्रींच्या कुटीपाशी थांबले. संस्कृतचे पंडित असलेले दत्तात्रय परचुरेशास्त्री कुष्ठरोग झालेल्या अवस्थेत आश्रमात आले. ज्या काळात या रोगाच्या माणसाची सावलीही लोक टाळत, त्या काळात गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं मालीश केलं. मला विचाराल तर या कॉलेजचा पहिला वॉर्ड तोच.

पण कॉलेज उभं राहिलं ते डॉ. सुशीला नय्यर यांच्यामुळे. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकलेली ही पंजाबी मुलगी, गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांची बहीण. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्या गांधीजी आणि बांसोबत होत्या. 22 फेब्रुवारी 1944 रोजी बा तिथेच गेल्या. त्यानंतर सेवाग्रामात बिर्लांनी पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात बायका-मुलांसाठी 15 खाटांचा दवाखाना सुरू झाला. तेच आजचं कस्तुरबा हॉस्पिटल. पुढे सुशीलाबेन जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकल्या, 1962 ते 67 या काळात केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. मंत्रिपदानंतर दिल्लीत मोठ्या मानानं राहता आलं असतं. त्या या खेड्याकडे वळल्या आणि 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, इथे मेडिकल कॉलेज उघडलं. इथे सगळे त्यांना 'बडी बहनजी' म्हणत. 3 जानेवारी 2001 रोजी त्या गेल्या, त्याही सेवाग्रामातच.

संस्था चालवते कस्तुरबा हेल्थ सोसायटी. विद्यापीठ नाशिकचं, आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पूर्वी प्रवेशासाठी गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. 'नीट' ही देशभराची एकच प्रवेश परीक्षा आल्यावर तो गेला. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्या पेपरमुळे निदान या वाटेवर काय वाढून ठेवलंय ते मुलांना आधी कळत होतं.

मात्र खादी राहिली, शुक्रवारची सर्वधर्म प्रार्थना राहिली आणि दत्तक गावही राहिलं. पहिल्या वर्षातच प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे 15 दिवसांचं शिबिर होतं. प्रत्येक मुलाकडे काही कुटुंबं सोपवली जातात आणि पुढे त्या घरी नियमित जायचं असतं. मी मुद्दाम एक दिवस जास्त राहिले. भाचीबरोबर तिच्या गावाला जायचं होतं.

वाटेत तिनं ज्वारीची गोष्ट सांगितली. इथल्या मेडिसिन विभागातल्या डॉ. उल्हास जाजूंनी गावागावांत आरोग्य विमा उभा केला, तोही ज्वारीवर. सुगीनंतर प्रत्येक घरानं आपल्या जमिनीच्या मानानं ज्वारी द्यायची आणि बदल्यात अचानक आजारपण आलं तर हॉस्पिटलात उपचार मिळायचे. पैसा हातात कधी असेल सांगता येत नाही, पण सुगीत कणगीत धान्य असतं. शेतकऱ्याच्या घरात वावरल्याशिवाय अशी योजना सुचत नाही. आता या शिवारात ज्वारी कमी झाली, सोयाबीन वाढलं.

एका घराच्या ओसरीवर आजी बसल्या होत्या. "आली का माय?" म्हणत त्यांनी आपणहून बाही वर केली. भाचीनं लगेच पट्टा बांधला नाही. आधी सुनेच्या बाळंतपणाचं विचारलं, मग गुडघ्याचं, मग गोळ्या संपल्या का ते. बीपी सगळ्यात शेवटी. वहीत आकडा लिहिताना तिच्या कपाळावर आठी आली, तशी आजी हळूच म्हणाल्या, "लोनचं नाई खाल्लं वो या खेपेले." भाचीनं त्यांचा हात हातात घेतला आणि थोडं थांबून पट्टा पुन्हा बांधला.

आम्ही निघालो तेव्हा आजींनी घराच्या मागून ज्वारीची चार कोवळी कणसं आणून माझ्या पिशवीत घातली. "थोडीशी पेरली होती," त्या म्हणाल्या, "हुरड्यापुरती."